मापाचा माणूस

टेरोसॉर किती मोठा होता हे सांगून कोणाला पटत नाही. जिराफाएवढा उंच, पंख पसरले तर एसटीच्या लांबीचे, असं मी वर्गात सांगते तेव्हा पोरं माना डोलावतात आणि हळूच खिडकीबाहेर बघायला लागतात. म्हणून चित्रात त्या जनावराच्या पायाशी एक माणूस उभा करतात. काळा, सपाट, नाक-डोळे नसलेला, एक हात वर केलेला. मी त्याला मापाचा माणूस म्हणते. बघणारा आधी आपल्याएवढ्या त्या माणसाकडे बघतो, मग नजर वर वर नेतो, आणि मग कुठे त्याला पटतं.

मी जळगावात एका शाळेत सकाळी चित्रकला शिकवते आणि दुपारनंतर नामशेष झालेली जनावरं काढते. दुसरं काम कळलं की लोक माझ्याशी जरा जपून बोलायला लागतात. "म्हणजे डायनासोर का?" टेरोसॉर डायनासोर नव्हेत, त्यांचे भाऊबंद, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता "हो, डायनासोर" म्हणून मोकळी होते. घरात आम्ही तिघं. मी, माझे वडील नाना, आणि नानांची थोरली बहीण. तिला सगळी गल्ली अक्का म्हणते म्हणून मीही अक्काच म्हणते.

नानांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी सगळी नोकरी धुळे जिल्ह्यात जमीन मोजण्यात काढली. साखळी आणि झेंड्या घेऊन दोन भावांच्या बांधावर उभं राहायचं आणि दोघांच्याही शिव्या खायच्या, असं ते त्या नोकरीचं वर्णन करायचे. मला मोजायला त्यांनीच शिकवलं. मी सहा-सात वर्षांची असताना सुट्टीत सोबत न्यायचे, हातात पेन्सिल द्यायचे, हात ताठ पुढे करायला लावायचे, एक डोळा मिटायला लावायचे आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवून समोरच्या चिंचेची उंची घ्यायला सांगायचे. माझा अंगठा घसरला की म्हणायचे, "अंगठा हालू दीऊ नको, माय." पुढे चित्रकलेच्या वर्गात सरांनी हेच शिकवलं, तेव्हा मी तोऱ्यात सांगितलं की मला येतं.

दोन वर्षांपूर्वी नानांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग शेजारी. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हे वाढतच जाईल असंही सांगितलं. त्यांची कचेरीतली शुद्ध मराठी हळूहळू गळाली आणि लहानपणची अहिराणी तेवढी तोंडात राहिली. मला भीती एकाच गोष्टीची होती, ती आत्ताच सांगून टाकते. एक दिवस ते मला ओळखणार नाहीत. सकाळी चहा देताना मी आधी त्यांच्या डोळ्यांत बघायचे आणि मग कप पुढे करायचे.

अशात पुण्याच्या एका प्रकाशनाकडून काम आलं. मुलांसाठी पुस्तक, लाव्हाच्या काळातला दख्खन. आपला सगळा खानदेश काळ्या दगडावर वसलाय हे शाळेत आपण शिकतो आणि विसरतो. लाव्हा एकदम आला नाही. एक थर यायचा, मग हजारो वर्षं काही नाही. त्या मधल्या काळात तळी भरायची, झाडं वाढायची, जनावरं पाण्यावर यायची. मग पुन्हा लाव्हा. आमच्या घराखाली असे कितीतरी थर आहेत आणि दोन थरांच्या मध्ये तसा एकेक शांत काळ दाबला गेलाय, हा विचार फरशीवरून अनवाणी चालताना मला अजूनही नकोसा होतो. इथे टेरोसॉरचं हाड कोणाला सापडलेलं नाही. तेव्हा चित्राखाली 'कल्पनाचित्र' लिहायचं आणि बाकी सगळं खरं काढायचं, असं ठरलं.

जागा मी लगेच निवडली. धुळ्याच्या पुढे, साक्रीच्या बाजूला नानांचं गाव आहे. त्या भागात शेतांमधून काळ्या दगडांच्या भिंती जातात, सरळ, कोसच्या कोस. कोणी बांधलेल्या नाहीत. लाव्हा जमिनीच्या भेगांतून वर येताना तिथेच थिजला आणि काळाच्या ओघात बाजूची जमीन झिजून गेली, म्हणून त्या उघड्या पडल्या. गावात मात्र त्या राक्षसांनी एका रात्रीत बांधल्या असं सांगतात. नाना म्हणायचे, "हाई एकच हद अशी शे, हिन्हासाठे कोनी भांडत नई."

दिवाळी झाल्यावर मी नानांना घेऊन तिथे गेले. फोटो हवे होते आणि मापाचा माणूसही हवा होता. भिंतीच्या पायथ्याशी त्यांना उभं केलं, उजवा हात वर करायला लावला आणि सांगितलं, "नाना, मी झालं म्हणेपर्यंत हलायचं नाही." ते खुशीत आले. झेंडी धरणाऱ्या माणसाला आयुष्यभर त्यांनी हेच बजावलं होतं. मी चार फोटो काढले. मग ऊन कलायला लागलं, दगडाचा रंग बदलायला लागला, आणि विजेचा खांब मध्ये येणार नाही अशी जागा शोधत मी भिंतीच्या कडेने पुढे पुढे गेले.

अलीकडच्या बाजूला पंपाचा आवाज होता, ट्रॅक्टर होता, कोणीतरी कोणालातरी हाका मारत होतं. भिंतीला एके ठिकाणी खिंडार आहे, तिथून मी पलीकडे गेले आणि सगळे आवाज बंद झाले. जाड दगड मध्ये आहे, आवाज अडणारच, हे मला कळतं. पुन्हा अलीकडे आले, चालायला लागले, तर भिंतीच्या पलीकडून कोणीतरी माझ्या बरोबरीने चालत होतं. मी थांबले की तेही थांबे. दोन पावलांच्या मध्ये काहीतरी जड टेकवल्यासारखा तिसरा आवाज यायचा. प्रतिध्वनी असणार. मी स्वतःला तसं बजावलं आणि माझ्या वयाच्या शिक्षिकेला शोभणार नाही इतक्या वेगाने परत आले.

नाना तिथेच होते. मध्ये चाळीस मिनिटं गेली होती. हात वर, बाही कोपरापर्यंत घसरलेली, दंड थरथरत होता आणि डोळे समोर लागलेले. मला माझीच लाज वाटली. काही न बोलता मी त्यांचा हात धरून खाली घेतला, चोळला आणि त्यांना गाडीत बसवलं. गाडी डांबरी रस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलं, "भिंतना पल्याड कोन चाली ऱ्हायंता?"

"कोणी नाही, नाना."

"मंग ठीक शे," म्हणाले आणि झोपी गेले.

फोटोंतली बाह्याकृती काही जमेना. हात थरथरल्यामुळे कडा फाटत होत्या. म्हणून एका रविवारी मी दिवाणखान्यात खाकी कागद अंथरला, नानांना त्यावर आडवं केलं, हात डोक्याच्या वर ठेवला आणि पेन्सिलने त्यांच्या भोवती रेघ मारायला लागले. कमरेपर्यंत येईतो त्यांना डोळा लागला. मी तशीच रेघ पुरी करत होते, इतक्यात स्वयंपाकघरातून अक्का आली आणि दारातच थबकली.

"निजेल माणूसले कोनी मापस का, बाई?"

आमच्याकडे आडव्या माणसाचं माप एकदाच घेतात, तिरडीचे बांबू तोडायच्या आधी. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. रेघ मारायच्या नादात लक्षात आलं नाही, आणि लक्षात आल्यावर मला वाद घालायचा होता. मी म्हटलं, "अक्का, कागद आहे, पेन्सिल आहे. शिंपी मापं घेतो ना?"

"शिंपी उभा करीसन मापस," अक्का म्हणाली. "आते त्याले उठाड, उभा कर आन परत मापी ले. मंग काही नई."

नानांना उठवायचं माझ्या जिवावर आलं होतं. रेघ छान आली होती. "घेते नंतर," म्हटलं आणि अक्काच्या शास्त्राची थोडी थट्टाही केली. अक्का दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या दोन दिवसांत भाजीत मीठ जास्त पडत होतं.

कागद गुंडाळून मी कपाटावर ठेवला. पंख्याच्या वाऱ्याने तो सुटायचा आणि वर केलेला हात सगळ्यांत आधी खाली लोंबायचा. मी दोनदा दोरा बांधला. तिसऱ्यांदा सुटल्यावर अक्काने कागद उलटा करून, तोंड भिंतीकडे करून, कपाटामागे सारला. तोंड नव्हतंच त्याला.

आता माझी कामाची पद्धत सांगायला हवी. जुना काळ काढायचा म्हणजे मी नवीन काही काढत नाही, आजचं पुसत जाते. फोटो पडद्यावर घ्यायचा आणि एकेक गोष्ट काढून टाकायची. आधी तारा आणि खांब. मग पाण्याची टाकी. मग शाळा, देवळाचा कळस, रस्ता. वेडी बाभूळ, कारण ती कालपरवाची. मग बांध, मग नांगराच्या रेघा. जे उरतं त्यावर नेचे, ताडासारखी झाडं आणि तळी चढवायची. केळीच्या कुळातलं काहीतरी तेव्हा असावं असं आमचे तपासनीस, म्हणजे पुण्याचे एक निवृत्त भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, म्हणाले. मी आनंदाने कोपऱ्यात ते झाड घातलं. असोद्याच्या आमच्या केळीवाल्या नातेवाइकांना सांगितलं असतं तर त्यांनी तिथे ठिबकही टाकून दिलं असतं.

नाना रोज दुपारी माझ्या बाजूला खुर्चीवर बसायचे आणि पडद्याकडे बघायचे. एकदा जेवताना अक्का गावाकडचं काहीतरी सांगत होती, टाकीजवळच्या घराचं. नानांनी विचारलं, "कोनती टाकी?" टाकी बांधताना जागेची आखणी त्यांनीच केली होती. मी टाकी त्याच आठवड्यात पुसली होती. पुढच्या आठवड्यात शाळा गेली. मग एका संध्याकाळी अक्काने देवळाचं नाव घेतलं आणि नाना तिच्याकडे पाहुण्यासारखं बघत राहिले.

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असंच असतं, आधी नवं जातं, मग जुनं. माझा खोडरबरही त्याच क्रमाने चालतो. तेव्हा यात काही नाही. हे मला पुरतं पटलं, आणि तरी मी चार दिवस पडद्याला हात लावला नाही. पाचव्या दिवशी पुण्याहून संपादक बाईंचा फोन आला.

मग जनावर आलं. ज्या मोठ्या टेरोसॉरना मी काढत होते ते जमिनीवर चार पायांवर चालत. पंख दुमडून, मनगटावर भार देऊन. वटवाघूळ जमिनीवर सरपटतं तसं नाही, ताठ, मान उंच करून. मी नुसता आराखडा केला होता, पंख अजून अर्धवट होते. नानांनी बराच वेळ बघितलं.

"हाऊ उडत नई," म्हणाले. "हाऊ चालस."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आपलाजोडे चाली ऱ्हायंता ना."

मी पेन खाली ठेवला. उन्हाची वेळ होती, बाहेर भंगारवाला ओरडत होता. त्या दिवशी पुढे काही काम झालं नाही.

चित्र पुरं झालं तेव्हा मला ते आवडलं होतं. तळ्याकाठी ओला काळा दगड, दूर आभाळात राखेचा करडा पट्टा, मध्ये ते उंच जनावर पाण्यात बघत उभं, मागे आडवी भिंत आणि भिंतीशी हात वर केलेले नाना. प्राध्यापकांनी फोनवर स्तुती केली आणि मग हसायला लागले. "अहो बाई, ती भिंत तेव्हा जमिनीच्या पोटात होती. वरचं झिजल्यावर ती दिसायला लागली, कित्येक लाख वर्षांनी. तुम्हा खानदेशातल्या लोकांना ती काही सोडवत नाही."

मला इतका राग आला स्वतःचा. टाकी पुसली, रस्ता पुसला, गवतसुद्धा तपासून तपासून काढलं, आणि सगळ्यांत मोठी चूक चित्राच्या मधोमध आडवी पडलेली. लहानपणापासून क्षितिज म्हटलं की मला ती भिंतच दिसत आलीय. ती नसतानाचं जग असू शकतं हे मला सुचलंच नव्हतं. मी एका बैठकीत ती पुसली. नाना बाजूला होते. शेवटचा दगड गेल्यावर ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "आते ठिकाण कसं सापडी?"

मोजणीच्या नकाशात न हलणारी एक खूण लागते, तिच्यावरून बाकीची मापं घेतात. नानांनी जन्मभर तीच भिंत खूण म्हणून धरली होती. मी म्हटलं, "चित्रातली पुसली, नाना. खरी तिथेच आहे." ते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत मी होते की नव्हते ते मला नीट कळलं नाही, आणि मी विचारायचं टाळलं.

आता तो काळा माणूस नुसता तळ्याकाठी हात वर करून उभा होता. त्याला टेकायला काही राहिलं नव्हतं. पंधरा दिवसांनी संपादक बाईंचा निरोप आला : मोठ्या चित्रातून माणूस काढा, मुलांना वाटेल तेव्हा माणसं होती. पौषातला मंगळवार होता. शाळेत जायच्या आधी, साडेसहाला, मी संगणक उघडला. नाना मागे चहा पीत बसले होते. मी माणसावर क्लिक केलं. नक्की काढायचं का, असं संगणकाने विचारलं. मी हो म्हटलं. माणूस गेला, टेरोसॉर एकटा राहिला, आणि मला उशीर झाला होता म्हणून मी मागे न बघता पर्स उचलून निघाले.

पाऊण वाजता परत आले तर नाना घरात नव्हते.

अक्का गॅलरीत उन्हाला बसल्या बसल्या पेंगली होती. दार नुसतं ओढलेलं होतं. खुंटीवरची टोपी नव्हती, आणि खणातला नानांचा जुना लोखंडी टेप नव्हता. अक्काने उठून सगळं पाहिलं. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "त्याले उभा करीसन माप, सांगं व्हतं मी तुले."

मी पोलिसांत फोन केला. गल्लीच्या तोंडावरच्या रिक्षावाल्याने सांगितलं, आजोबांना नऊ वाजता बस स्टँडवर सोडलं. स्टँडवर चौकशी केली. टोपीवाले एक आजोबा खिशातलं आधार कार्ड दाखवून धुळ्याच्या गाडीत बसल्याचं एका वाहकाला आठवत होतं. या वयाला तिकीट लागत नाही, तेव्हा अडवायचं कारणही नव्हतं. मी ओळखीची गाडी बोलावली आणि नानांच्या गावाकडे निघाले.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. मला रस्त्याच्या कडेचं काही दिसत नव्हतं. जे दिसेल ते मी मनात पुसत होते. सवयच तशी लागलीय. खांब आला की खांब जाई, ढाबा आला की ढाबा जाई, आणि खाली नुसता काळा दगड उरे. मी डोळे मिटून घेतले. सकाळी मागे वळून बघितलं असतं तर, एवढंच डोक्यात फिरत होतं. आणि दुसरं, जास्त वाईट : सापडले आणि मला ओळखलं नाही तर.

गावात पोचायला साडेचार वाजले. डोक्यावर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा भारा घेतलेली एक बाई वाटेत भेटली. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "तुमना बाबा शे का? दुपारपाईन भिंतजोडे उभा शे. बलावं, पन हालत नई. आम्हले भ्याव वाटना."

शेतातून मी पळत गेले. कापूस वेचून झालेला होता, ढेकळं पायांखाली फुटत होती. भिंत समोर आडवी पडलेली, उतरतं ऊन तिच्यावर सरळ येत होतं. त्या उजेडात आधी मला नाना दिसलेच नाहीत. दिसली ती त्यांची सावली, दगडावर. काळी, सपाट, नाक-डोळे नसलेली, एक हात वर. सकाळी साडेसहाला मी जिला पुसलं होतं तीच, रेघेला रेघ. मी जागच्या जागी थांबले. मग सावलीच्या पुढे टोपी दिसली.

डावा हात त्यांनी उजव्या कोपराला आधाराला लावला होता. ओठ सुकले होते. टेप पायाशी पडलेला होता.

"नाना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, सभ्यपणे, कचेरीत आलेल्या माणसाकडे बघावं तसं. "बाई, जरा बाजूले व्हा. फोटोमा येशात."

दोन वर्षं ज्याला घाबरत होते ते हेच. मला वाटलं होतं मी रडेन, पण रडू आलं नाही. मी म्हटलं, "चला ना घरी. उशीर झाला."

"कसा येऊ? मन्ही पोर सांगीसन गयी शे. झालं म्हने तोवर हालानं नई."

तेव्हा मला आठवलं. दिवाळीनंतर मी त्यांचा हात खाली घेतला, चोळला, गाडीत बसवलं, पण झालं असं म्हटलंच नव्हतं. टाकी, शाळा, देऊळ, मी, सगळं त्यांच्याकडून गेलं आणि ते एक काम तेवढं राहिलं होतं.

"झालं, नाना," मी म्हटलं. "मी म्हणते ना. झालं."

"तुमी नका म्हनू." ते समजुतीने बोलले, माझं वाईट वाटू नये म्हणून. "ती म्हनी."

हात इतका थरथरत होता की सावलीही हलत होती. ओढून नेता आलं असतं, गाडीवाल्याला हाक मारता आली असती. पण मला अक्काचं बोलणं आठवलं, आणि दुसरं काही सुचतही नव्हतं. मी पर्समधून पोरांच्या चाचणीचा एक कोरा कागद आणि पेन्सिल काढली, वीस पावलं मागे गेले, हात ताठ पुढे केला, एक डोळा मिटला आणि पेन्सिलीच्या टोकावर त्यांची टोपी धरली. अंगठा खाली खाली नेत टाचेपर्यंत आणला. उभ्या माणसाचं माप. अंगठा घसरला. पुन्हा टोपीपासून सुरुवात केली. पुन्हा घसरला.

समोरून आवाज आला. "अंगठा हालू दीऊ नको, माय."

मी पेन्सिल तशीच धरून ठेवली. डोळा उघडला असता तर सगळं वाहून गेलं असतं. माप घेतलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि काढलं. टोपी, बाही, हात, आणि मागे भिंत, दगड न दगड, एकही पुसला नाही. मग उठले, त्यांच्याजवळ गेले आणि अहिराणीत म्हटलं, "व्हई गयं, नाना. झालं."

हात खाली आला. "उनी का तू," ते म्हणाले. "कितला टाईम लाया."

आम्ही गाडीकडे निघालो. भिंतीच्या पलीकडूनही कोणीतरी निघालं, दोन पावलं आणि मध्ये ते जड टेकणं. नानांनी माझा हात घट्ट धरला होता. त्यांनी तिकडे बघितलं नाही, मीही नाही.

पुस्तक निघालं. मोठ्या चित्रात माणूस नाही, भिंत नाही, मुलांना आवडलं म्हणतात. खाकी कागद अक्काने बंबात घातला. चाचणीच्या कागदावरचं चित्र तिने देवघरात ठेवलंय, मी विरोध केला नाही.

नाना आता बहुतेक दिवस मला ओळखत नाहीत. सकाळी चहा देते तेव्हा "बाई, तुमी कोना?" असं विचारतात. मी कप ठेवते, समोर बसते, पेन्सिल हातभर पुढे धरते आणि मुद्दाम अंगठा घसरू देते. कधी ते नुसते बघत राहतात. कधी माझी चूक सुधारतात, आणि तेवढा वेळ मी त्यांची मुलगी असते. खुर्चीत बसलेले, हात मांडीवर, असे मी त्यांना रोज थोडे काढते. रोज एखादा कान, एखादं बटण बाकी ठेवते. झालं असं त्या खोलीत मी आता म्हणत नाही.